दोघांनी उघडायचे दार

मी एक जुना खेळ आहे, मित्रांनो. मैदानातला नव्हे, नाणे टाकून खेळायचा, पेटीतला. फुगीर काच, दोन दांडे, काही बटणे आणि समोर दोन स्टुले, एवढाच माझा संसार. ओसाकाजवळच्या एका कारखान्यात माझी पेटी ठोकली गेली, तेव्हा जिकडेतिकडे विमाने पाडायच्या खेळांचा सुळसुळाट होता. माझ्या पोटात मात्र अख्खे राज्य होते. गुहा, राक्षस, औषधवाला, तलवारी विकणारा म्हातारा! योद्ध्याने लढायचे, पुजारणीने त्याच्या जखमा भरायच्या, आणि लढता लढता दोघांचे बळ वाढत जायचे. शेवटी एक किल्ला होता. त्याचे दार दोघे शेजारी शेजारी उभे राहिल्याशिवाय उघडायचे नाही.

साकाता बंदरातल्या एका सार्वजनिक न्हाणीघरात माझी रवानगी झाली. डावीकडे पुरुषांचे दार, उजवीकडे बायकांचे, आणि मधल्या बैठकीत मी. न्हाऊन लालबुंद झालेली माणसे कॉफी-दुधाची बाटली तोंडाला लावून माझ्याभोवती कोंडाळे करायची. मालकीण फुमिएमावशी रोज माझी काच पुसायची. खोटे कशाला बोलू, मी चांगलाच फुशारलो होतो.

तिथे तोकुजिरो यायचा. तो लाकडी बादल्या करणारा. न्हाणीघरातली एकूण एक बादली त्याच्याच हातची. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी मिसाओ. दुकान आणि घराण्याचे नाव पुढे चालावे म्हणून त्याला घरजावई हवा होता. मिसाओने पसंत केला तो दूरच्या आओमोरी शहरातला, त्याच्या घरचा थोरला मुलगा. थोरला कुठला आपले घर सोडून सासऱ्याचे नाव लावतोय! मोठे भांडण झाले आणि बापलेकींनी अबोला धरला. दोघे जेवतातसुद्धा मुकाट्याने, असे मावशी सांगायची.

पण रोज संध्याकाळी आंघोळ उरकून दोघे दोन दारांतून बाहेर यायचे आणि माझ्यापुढे बसायचे. मग काय! तोंडे आपोआप सुटायची.

"पुजारीणबाई, मेलो ना मी इथे! औषध काय मेल्यावर देणार?"

"योद्धेबुवा, जरा मागे बघत जा की! एकटेच पुढे धावायचं आणि वर मलाच बोलायचं!"

"तुझ्या भरवशावर तर धावतो."

"मग ठेवा ना माझ्यावर भरवसा!"

हे शेवटचे मिसाओ जरा जास्तच जोरात बोलली. बैठकीतली माणसे वळून बघायला लागली. तोकुजिरोचे कान लाल झाले, पण तो नुसता दांडा हलवत राहिला. खेळ संपला की दोघे पुन्हा मुके. मला वाटायचे, कधीतरी हे बोलणे माझ्या काचेतून उतरून त्यांच्या घरापर्यंत जाईल. रोज मी तेवढीच आशा धरून पेटायचो.

नाही गेले हो. वसंतात मिसाओ आओमोरीला निघून गेली. निरोप द्यायला बाप दुकानाबाहेरही आला नाही.

त्या संध्याकाळी तो एकटाच आला. जखमी योद्ध्याला कसेबसे किल्ल्यापर्यंत नेले आणि दारापाशी उभे केले. खेळाची वेळ संपेपर्यंत नुसते उभे. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या महिन्यात तेच. नवे खेळ आले, पोरे त्यांच्या मागे धावली. माझे रंग विटले, एक बटण अडकायला लागले. माझ्याकडे फिरकणारा आता तोच एक उरला.

"तोकुजिरोसान, मी बसू का शेजारी?" मावशीने एकदा विचारले. "बटणं दाबायला येतात मला. अगदीच काही ढ नाही मी."

"जागा धरलेली आहे," तो म्हणाला.

मावशीला ते बघवेना. तिने कारागिराला बोलावले, माझे पोट उघडायला लावले आणि आतली एक कळ फिरवून घेतली. आता एकटा माणूस आला तरी दार उघडणार होते. बिचारीने मायेनेच केले सगळे! पण मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, नका हो, त्या दाराला हात लावू नका!

संध्याकाळी योद्धा दारापाशी पोचला आणि दार सताड उघडले. मावशीने टाळी वाजवली. तोकुजिरोचा चेहरा माझ्या उजेडात मला स्पष्ट दिसत होता. तसा चेहरा पुन्हा कुणाचा बघायची वेळ येऊ नये.

त्याच वर्षी हिवाळ्यात छातीत कफ होऊन तो गेला.

मिसाओ आली ती सुतकाच्या काळ्या कपड्यांत. न्हायली नाही, काही नाही, सरळ येऊन आपल्या स्टुलावर बसली. तिची पुजारीण एकटीच किल्ल्यापर्यंत गेली आणि दार उघडले.

"मावशी, हे दार दोघांशिवाय उघडायचं नाही ना?"

"मीच बदलून घेतलं गं, तुझ्या बाबांसाठी. रोज येऊन इथेच अडकायचे."

"मग गेले का ते आत?"

मावशीने डोळ्याला एप्रन लावला. "कुठले गं! दार उघडं आणि हा माणूस आपला बाहेरच. मी म्हटलं, जा की. तर म्हणाले, ती येऊ दे, मग जाऊ."

"एक फोन करायचा होता त्यांनी. एकच!" मिसाओ हुंदके देत म्हणाली. मग अगदी हळू, "मी तरी कुठे केला?"

तिने बापाच्या बाजूला नाणे टाकले. योद्धा पुजारणीच्या शेजारी येऊन उभा राहिला. दार उघडेच होते. त्याचा दांडा धरायला कुणी नव्हते, आणि तीही आत गेली नाही. वेळ संपेपर्यंत दोघे तिथेच उभे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे आता मी सांगायला हवे. पण माझी काच नाही पुसली तरी चालेल. तुमच्या घरात कुणी अबोला धरला असेल, तर आज जेवायला बसायच्या आधी तुम्हीच पहिले बोला. माझ्यासारख्या खोक्याला मध्ये घेऊ नका.