हातोडीला दिलेलं उत्तर

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. लाकडाची आहे, पोटाशी थोडी सुटलेली आहे आणि स्वभावाने जरा मानी आहे. या तीरावरची माणसं त्या तीरावर पोहोचवणं, एवढंच काम मी जन्मभर केलं. तुमच्यासारखी पुष्कळ मुलं माझ्या काठावर ओणवी होऊन पाण्यात बोटं बुडवत असत आणि मोठ्यांची बोलणी खात असत. मला मात्र त्यांचा कधी राग आला नाही.

एका म्हाताऱ्या सुताराने मला उघड्या छपराखाली घडवलं. आधी कणा घातला, मग त्याला फासळ्या जोडल्या, मग फळीला फळी भिडवून सांध्यांत काथ्या ठोकून बसवला. मला पाण्यात सोडलं, त्या दिवशी माझे मालक चप्पल काढून आत चढले. पुढे कितीतरी वर्षं ते अनवाणीच चढत राहिले. लोक हसायचे. ते म्हणायचे, "जी आपल्याला पोसते, तिच्यावर चप्पल घालून कसं चढायचं?" हे ऐकलं की माझा ऊर भरून यायचा.

मी तरुण होते तोवर विम्याची फारशी कटकट नव्हती. मालक हप्ता भरायचे, कागद यायचा आणि सुकाणूजवळच्या कप्प्यात जाऊन पडायचा. पण होडीचंही माणसासारखंच असतं. वय झालं की चौकशा वाढतात. कंपनीने सांगितलं, आता दर वेळी विमा नवा करण्याआधी होडी पाण्याबाहेर काढा, आमचा तपासनीस तळ पाहील, तो हो म्हणाला तरच विमा. आणि विम्याशिवाय उतारू घ्यायला बंदी.

अशाच एका तपासणीच्या तोंडावर माझी एक फळी धक्क्यावर आपटून फुटली. मालक तेव्हा आजारी होते. चार पावलं चालले तरी त्यांना धाप लागायची. तरी त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. नवी फळी त्यांनी स्वतः कापली, स्वतः बसवली आणि तपासनीस यायचा म्हणून घाईने लगेच रंगवलीही. ते त्यांचं शेवटचं काम ठरलं. त्यानंतर ते माझ्यात चढले नाहीत.

मग मालकांची मुलगी सुकाणू धरू लागली. तिला सगळे ताई म्हणत. तिचा मोठा भाऊ, दादा, माझी डागडुजी आणि कागदपत्रं पाहू लागला. बोलायला तुसडा, पण हात मायेचा. त्या फळीपाशी आला की तो न चुकता तिच्यावरून तळवा फिरवायचा.

गेल्या वर्षी विम्याची मुदत संपत आली. मला ओढून किनाऱ्यावर घेतलं आणि ओंडक्यांवर टेकवलं. दादा तळ खरवडू लागला. मालकांच्या फळीवर आला, तेव्हा त्याचा अंगठा आत रुतला, भिजलेल्या पुठ्ठ्यात रुतावा तसा. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खड्ड्यात पुट्टी दाबून भरली आणि वरून रंगाचे दोन हात दिले. माझा जीव तुटला. मला त्याचं मन कळत होतं. त्याला कंपनीला फसवायचं नव्हतं. बापाची शेवटची खूण त्याला उपटून काढायची नव्हती, एवढंच. पण मित्रांनो, पाण्याला माया कळत नाही.

तपासनीस आला. किरकोळ अंगाचा माणूस, हातात लहानशी हातोडी. मला पाहून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"रंग कधी दिला?"

"काल. तुम्ही येणार म्हणून," ताई कौतुकाने म्हणाली.

"अहो बाई, मी हिचा फोटो काढायला नाही आलो. नाडी बघायला आलोय."

आणि तो मला ठोकत निघाला. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, सडलेलं बद्द वाजतं. जन्मात पहिल्यांदाच मी घसा खरवडून बोलायला तयार होते. हातोडी त्या फळीवर आली. पण ठोका नेमका कडक पुट्टीच्या काठावर पडला आणि माझा आवाज आतल्या आत राहिला. तपासनीस पुढे सरकला. चालता चालता त्याने सहज विचारलं, "उतारू कोण असतात?"

"सकाळी शाळेची पोरं," ताई म्हणाली. "माझी धाकटीही असते. पुढेच बसते, मामाने तिला जागाच ठरवून दिलीय."

दादाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"साहेब, थांबा," तो म्हणाला. "मागे या. इथे मारा. जरा जोरात मारा."

तपासनिसाने मारलं आणि मी बोलले. बद्द. पुट्टीचा खपला निघून खाली पडला. ताईने भावाकडे पाहिलं.

तपासनिसाने आतला भुगा चिमटीत धरून पाहिला. "फळी ओली असतानाच बसवलीय. वाळायच्या आत रंग दिला, ओल आत कोंडली. घाई केली कुणीतरी."

"बाबांनी," दादा म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "आणि काल मीही."

विमा मिळाला नाही. मी ओंडक्यांवरच राहिले. लोक लांबच्या पुलावरून वळसा घालून जाऊ लागले आणि येता-जाता दोघा भावंडांना टोमणे मारू लागले. दादाने सगळं ऐकून घेतलं. नवी फळी त्याने सावलीत वाळत ठेवली. रोज तिला हात लावायचा आणि म्हणायचा, "अजून नाही." माझ्या कुशीला भगदाड होतं, त्यातून वारा आरपार जायचा. तरीही इतकी निर्धास्त झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

फळी बसली. तपासनीस पुन्हा आला, तेव्हा मी उघडीवाघडी उभी होते. ठिगळं दिसत होती, सांधे दिसत होते, रंगाचा टिपूसही नव्हता. दादा बाजूला सरला आणि म्हणाला, "मारा साहेब. कुठेही मारा."

त्या दिवशी मी जे बोलले, ते पलीकडच्या तीरावर ऐकू गेलं असेल.

म्हणून सांगते, मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया असेल, तर तिची दुखणी झाकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही तसंच. छान दिसताय, असं म्हणण्याआधी कुठे दुखतंय, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

तपासनीस गेल्यावर ताई रंगाचा डबा घेऊन आली. दादाने चप्पल काढली, माझ्यात चढला आणि नव्या फळीला आतून तळवा लावला.

"अजून आठ दिवस जाऊ देत," तो म्हणाला.