सतरा नंबरची बाटली

आकडे खोटं बोलत नाहीत, असं आमचे शंभुलिंग सर पहिल्याच तासाला म्हणाले होते. मी नंदीबैलासारखी मान डोलावली होती. आता कुणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं.

धाराशिवच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्राचा प्रकल्प असतो. मी लोहारा तालुक्यातलं माझंच गाव निवडलं. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं, गल्ल्या सरळ. बेचाळीस घरांच्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरायचं, त्यात नायट्रेट किती ते मोजायचं आणि पुढचं सगळं कॉम्प्युटरवर. नायट्रेट खतातून, शेणामुतातून जमिनीत झिरपतं. लिटरमागं पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आत असलं तर पाणी चालतं. वर गेलं तर मोठ्यांना कळतही नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्तातून प्राणवायू पोचेनासा होतो आणि ते निळं पडतं.

सरांच्या दोन शिस्ती होत्या. बाटलीवर नुसता नंबर लिहायचा, घरमालकाचं नाव नाही. ओळखीचं नाव दिसलं की मोजणाऱ्याचं मन डळमळतं, म्हणे. आणि कॉम्प्युटरवर एकही चौकट रिकामी ठेवायची नाही. ज्या घराला कुलूप, तिथं ९९ टाकायचं आणि सॉफ्टवेअरला सांगून ठेवायचं की ९९ म्हणजे माहिती नाही, ते धरू नकोस. वर्गात आम्ही एक ते पाच गुणांच्या प्रश्नावल्या भरायचो, तिथं ही युक्ती बिनबोभाट चालायची.

गावात चार घरांना कुलूप होतं. उरलेल्या अडतीस बाटल्या माझी जोडीदारीण महेश्वरी हिनं प्रयोगशाळेतल्या यंत्रावर मोजल्या आणि आकडे भरले. पुढचं विश्लेषण माझं. सरासरी अठ्ठावीस, सगळ्यात जास्त एक्केचाळीस. म्हणजे गावात एकही बोअर वाईट नाही. सर शाबास म्हणाले. मी अहवालाची एक प्रत घरी नेली आणि तिथंच माती खाल्ली.

अब्बांनी गेल्या उन्हाळ्यात गोठ्यामागं बोअर घेतला होता. प्यायला मात्र जार विकत यायचे. माझी थोरली बहीण झरीनआपा पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, मुलगी दोन महिन्यांची. आपाचं दूध पुरत नव्हतं म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून बाटली द्यायचे. अहवाल बघितला आणि अम्मीनं त्याच दिवशी जार बंद केले. "आमच्या उम्मेहानीनं मशिनीवर मोजलंय," असं सगळ्या गल्लीला सांगून आली. मीही फुशारून गेले होते, खोटं कशाला बोलू?

बुधवारी सकाळी अम्मीचा फोन आला. "पोरीची नखं जराशी जांभळी दिसतेत गं. थंडी लई हाय इकडं. मोजे घातलेत."

"थंडीच असेल," मी म्हटलं आणि प्रॅक्टिकलला पळाले. पाण्याची शंका मनाला शिवलीसुद्धा नाही. ते तर आम्हीच मोजलेलं होतं.

प्रयोगशाळेत सर तोंडी परीक्षेचा सराव घेत होते. माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "किती घरं बंद होती?"

"चार, सर."

"मग इथं पाच कशी?"

तक्त्याची पहिलीच ओळ होती: धरलेले ३७, वगळलेले ५. महिनाभर तो तक्ता माझ्यासमोर होता. सगळे सरासरीकडे धावतात, ती ओळ कोण वाचतंय? मी मूळ आकड्यांचं पान उघडलं. ९९ पाच ठिकाणी होते: सहा, अकरा, सतरा, एकोणतीस, चाळीस. कुलूपबंद घरांच्या यादीत सतरा नव्हता.

"महेश्वरी, सतराला चुकून टाकलंस का गं?"

"न्हाय की. सतराला मशिनीवर नव्व्याण्णवच आलतं. मी दोनदा बघितलं." मग तिचाही चेहरा उतरला.

यंत्रानं खरं सांगितलं होतं. कॉम्प्युटरनं ते कुलूप समजून वगळलं होतं, कारण तसं मीच त्याला बजावलं होतं. कुठल्या नंबरची बाटली कुणाच्या घरची, ते फक्त माझ्या वहीत होतं. मी वही उघडली. सतरा: बशीर शेख. माझे अब्बा.

मी तिसऱ्यांदा लावल्यावर अम्मीनं फोन उचलला.

"अम्मी, पोरीला बोअरचं पाणी देऊ नको!"

"अगं, कच्चं देतो व्हय आमी? चांगलं खळाखळा उकळतो. आज तर नखं बघून दोनदा उकळलं."

उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. हे मी अहवालाच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं, इंग्रजीत.

"पोरगी कुठंय?"

"झोपलीय की. सकाळी बाटली पिली तवापासनं गाढ झोपलीय. मघाशी आपानं हलवलं, पर उठंना. लई गुणाची पोर हाय बग."

"अम्मी, तिचे ओठ बघ. आत्ताच्या आत्ता. मी अँब्युलन्सला फोन करते, पण आधी तिचे ओठ बघ!"

फोन तसाच चालू ठेवून अम्मी उठली. चुलीपाशी भांडं लवंडल्याचा आवाज आला. मग आपानं लेकीला हाक मारली, हळूच, झोपेतून उठवायला मारतात तशी. मग पुन्हा मारली, मोठ्यानं.