नुबियाचा नंबर

मंगळवारी सकाळी ओतिलिया एचेवेरी तव्यावर आरेपा भाजत होत्या. मक्याची ती जाड भाकरी एका बाजूने करपली आणि त्या जागच्या जागी थबकल्या. करपल्याचा वास आला होता! सहा वर्षांत पहिल्यांदा.

नाकात मांस वाढून त्यांच्या दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या होत्या. दोनदा शस्त्रक्रिया झाली, दोन्ही वेळा ते पुन्हा वाढलं. शेवटी डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी टोचायचं नवं जैविक इंजेक्शन लिहून दिलं. आतापर्यंत चार झाली होती.

"नुबिया! अगं, वास आला मला! तूही घेऊन बघ!"

घरकामाला येणारी नुबिया फरशी पुसता पुसता गेंगाण्या आवाजात म्हणाली, "मला कुठला वास येतोय, बाई!"

त्या घरात अकरा वर्षं तिच्या आवाजाची नक्कल होत आली होती. ओतिलियांचे यजमान एर्नान तिला 'बदक' म्हणत, आणि ओतिलियाही हसत. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या या बाईंना, आपलं दुखणं आणि नुबियाचं गेंगाणं बोलणं एकच असेल, अशी शंकाही कधी आली नव्हती.

"म्हणजे तुलाही हेच आहे?"

"तुमचंच इंजेक्शन लिहून दिलंय की. फेब्रुवारीपासून खेपा घालतेय. दर वेळी म्हणतात, माल नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

ओतिलियांनी तवा खाली उतरवला. "उद्या मी येते तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "कसं देत नाहीत तेच बघते."

आमच्या मानिसालेस शहरात वशिल्याला कुणी पाप म्हणत नाही. ओळख असून न वापरणारा तो वेडा. ओतिलियांचा भाचा फाबियो विमा कंपनीच्या औषधखात्यात होता. "मावशी, तुम्ही घरी बसा, मी बघतो," एवढंच तो इंजेक्शन लिहून दिलं तेव्हा म्हणाला होता. मावशींनीही पुढचं काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी औषधखात्याच्या खिडकीतल्या मुलीने नुबियाचा कागद न वाचताच परत सरकवला. "माल नाही. पुढच्या महिन्यात या." मग तिची नजर वर गेली. "अय्या, फाबियोच्या मावशी! तुम्ही कशाला आलात? घरी पाठवणारच होतो. घ्या, आजच एक आलंय."

"एकच?"

"एकच. फाबियोनं बाजूला ठेवायला सांगितलं होतं."

इंजेक्शन ठेवलेली बर्फाची पिशवी पुढे आली. नुबियाने ती पिशवी उचलून खांद्याला लावली. बाईंचं सामान नेहमी तीच उचलत असे.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ओतिलियांना झालं.

"ठेव ते खाली," त्या कशाबशा म्हणाल्या. "हे माझं नाही. ज्याचा नंबर असेल त्याला द्या."

"तसं नाही करता येत, मावशी."

"माझ्यासाठी बरं करता आलं!"

पिशवी तिथेच ठेवून दोघी बाहेर पडल्या. वाटभर एकमेकींकडे बघितलं नाही.

आमच्याकडे औषध नाकारलं तर आजाऱ्याला थेट न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. नुबियाचा अर्ज ओतिलियांनी स्वतः लिहिला आणि खाली साक्ष जोडली: 'मी वशिल्याने औषध घेतलं. रांगेतल्या माणसाच्या तोंडचं काढून घेतलं.'

एर्नाननी कागद वाचला आणि ते भडकले. "फाबियोची नोकरी जाईल! एका मोलकरणीपायी सख्ख्या भाच्याला बुडवणार?"

"त्याला मीच बुडवलं. इंजेक्शन कुठून आणतोस, हे तेव्हाच विचारलं असतं, तर तो थांबला असता," ओतिलिया म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

फाबियोने येणं सोडलं. बहिणीने फोन उचलणं बंद केलं. तीन आठवड्यांनी न्यायाधीशांचा हुकूम आला आणि नुबियाला पहिलं इंजेक्शन मिळालं. ओतिलियांचा नंबर यायचा होता. त्यांचं नाक पुन्हा बंद झालं होतं.

नुबिया सांगायला आली तेव्हा ओतिलिया म्हणाल्या, "मला माफ कर गं."

"माफीचं मागाहून बघू," नुबिया म्हणाली. "त्या दिवशी यादीत मी चौथी होते, बाई. माझ्याआधी तिघं होते. त्यांचा अर्ज कोण लिहिणार?"

ओतिलियांनी मान खाली घातली. मग कागद पुढे ओढला. "नावं सांग."

"मला काय ठाऊक! रांगेत उभं राहूनच विचारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओतिलिया रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, आणि पुढच्या बाईला त्यांनी तिचं नाव विचारलं.