रोज एक फळी

ऑरिन गुडघ्याच्या ऑपरेशनला मिझुला शहरात गेला आणि पाट बंद करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडीत बसेपर्यंत नवऱ्याचा एकच धोशा. "व्हर्ना, पाटाच्या तोंडाशी रोज एकच फळी टाकून पाणी अडव. पाणी हळूहळू उतरलं की ट्राउट माशांना कळतं, ते प्रवाहाविरुद्ध पोहत ओढ्यात परत जातात. अंडी घालून दमलेल्या माद्या आहेत गं त्यात."

चाळीस वर्षं हेच ऐकतेय. पाच फळ्या, पाच दिवस. पण शेजारचा लॉयल परवाच आमचा लसूणघास कापायला यंत्र आणणार होता, आणि ओल्या रानात ते रुतलं असतं. मी पडले उतावळी. सोमवारी दुपारी पाचही फळ्या टाकून मोकळी झाले.

घरात पाय ठरेना. घासलेली भांडी पुन्हा घासली. शेवटी पाटावर गेलेच.

घोटाभर पाण्याच्या डबक्यांत ट्राउट आडवे पडून कल्ले उघडत-मिटत होते. हात घातला तर पाणी कोमट! यांना बर्फाचं गार, वाहतं पाणी लागतं. कोमट पाण्यात जीव गुदमरतो. गळ्याखाली लाल रेघ असलेली एक मादी बादलीत घेऊन ओढ्याकडे धावले. अर्ध्या वाटेतच तिनं पोट वर केलं, मेली.

तेवढ्यात फोन. ऑरिन.

"आज किती टाकल्यास?"

"एकच."

"शहाणी माझी बाई ती!"

मला माझीच लाज वाटली. धावत जाऊन चार फळ्या उपसल्या. पाटात पाणी आलं, तसं रानातही शिरलं.

चिखल पाहून लॉयल चिडला. "गवत कापायचंय की मासे पाळायचेत? आता दोन आठवडे मी यायचा नाही!"

"नको येऊस जा!"

रोज एक, अशा उरलेल्या फळ्या टाकल्या. रविवारी ऑरिन कुबड्यांवर घरी आला. लसूणघास जांभळा फुलून वाया चाललेला पाहून त्याचे डोळे भरले.

"माझ्या शब्दाखातर लॉयलला परत धाडलंस?"

गप्प बसले असते तर चाललं असतं. पण बसवेना.

"पहिल्या दिवशी पाचही टाकल्या होत्या. सतरा मेले. खोटं बोलले मी."

तो कुबड्या टेकत कोरड्या पाटाच्या काठापर्यंत गेला.

"पुढच्या वर्षीपासून फळ्या तूच टाकायच्या," तो म्हणाला.

"मी? एवढं होऊनही?"

"मी एखाद्या दिवशी विसरेन. तू नाही विसरायचीस."