झाकण उघडण्याआधी

प्रश्न : कॉम्प्युटर सुरू होत नाही. तंत्रज्ञ सर्वांत आधी काय करेल?

स्क्रीनवरच्या सराव चाचणीत मी 'झाकण उघडेल' यावर खूण केली. पुन्हा चूक. दुरुस्तीच्या दुकानात इतकी वर्षं काढली, की हात आधी स्क्रूड्रायव्हरकडेच जातो. मागच्या खेपेला याच सवयीने नापास झाले. उद्या पुन्हा परीक्षा, आणि पास झाले तरच हॉस्पिटलमधली कॉम्प्युटर तंत्रज्ञाची नोकरी.

"वहिनी, 'ग्राहकाला विचारेल' हे उत्तर आहे गं," नणंद म्हणाली. "तोंड उघड, डबा नको!"

प्रश्न : तेवढ्यात माझ्यासमोरचा स्क्रीन काळा झाला. आता?

उठले. बसले. पुन्हा उठले. एक स्क्रू काढलासुद्धा.

"झाली का हिची चिरफाड सुरू!" आतून सासूबाई ओरडल्या.

हात थांबला. स्क्रू मुठीत धरून मी विचारलं, "आई, तुम्ही आत्ता काही केलंत का?"

"मी कशाला काय करू? तुझ्या उद्याच्या कपड्यांना इस्त्री करायची होती, म्हणून इथली एक वायर काढली. एवढंच."

नणंद पोट धरून हसायला लागली. मी स्क्रू पुन्हा बसवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"आता तोंडीच विचार पुढचा प्रश्न," मी म्हणाले. पाय मात्र हलतच होता.