आठव्या अनुवाकाची कॉफी

गेल्या शिवरात्रीला रोह्याच्या देवळात रुद्राची आवर्तने चालू असता गोपाळकृष्णशास्त्री आठव्या अनुवाकातून परत पाचव्यात शिरले. दोन्ही खंडांचा आरंभ जवळजवळ सारखा. ही घसरण्याची जागा प्रत्येक पाठकाला ठाऊक. शास्त्रीबुवांना मात्र आपण घसरलो हेच कळले नाही. मागच्या ओळीतल्या पाठकांनी दोनदा सावरले, तेव्हा ते थांबले. पेणच्या शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाला ही गोष्ट सलत राहिली. पुन्हा असे नकळत झाले, तर पाठ पुढे नेणाऱ्याचे पहिले आसन आपणहून सोडायचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

कार्तिकात शेजारचे सामाजी कॉफीचा डबा घेऊन आले. त्यांची मुलगी सारा इस्रायलात वृद्धांच्या इस्पितळात परिचारिका होती.

"सारानं लिवलंय, कॉफी पिणाऱ्या म्हाताऱ्यांची आठवण टिकते, असं तिथले डॉक्टर म्हणतात. खात्री नाय म्हणे अजून. पण पिऊन बगा बोवा, बिघडतंय काय?"

शास्त्रीबुवांच्या पत्नी वत्सलाबाईंनी कॉफी केली ती घरच्या रीतीने, भरपूर दुधाची आणि जायफळ उगाळून. शास्त्रीबुवा प्यायले आणि पोथीपुढेच पेंगू लागले.

"वैनी, कॉफी उठवतेय नि जायफळ निजवतंय!" सामाजी खदखदून हसले. "बोवांनी ऐकायचं कुणाचं?"

जायफळ वर्ज्य झाले. रोज सकाळी पेलाभर कॉफी, मग पाठ. वत्सलाबाई पोथी धरून समोर बसत आणि आठव्याच्या तोंडाशी बोट उचलीत.

"अहो, थांबा. आता कितव्यात आहात?"

ते सांगत, मगच पुढे जात.

शिवरात्र आली. पाठकांना आचमनाच्या पाण्यापलीकडे काही चालत नाही. त्यामुळे त्या दिवशी कॉफी नव्हती आणि शास्त्रीबुवांचे डोके ठणकत होते. सातव्या आवर्तनात, आठव्याच्या तोंडाशी, जीभ पाचव्याकडे वळलीच. एक पद निसटले. त्यासरशी त्यांनी स्वतःच हात वर केला. मागच्या ओळीने पाठ उचलला, आणि दोन पदांनंतर शास्त्रीबुवांचा स्वर पुन्हा त्यात मिसळला.

दुसऱ्या दिवशी पेणला पारण्यानंतर सामाजींनी विचारले, "मंग? गुण आला काय?"

"चूक झाली. पण या खेपेस ती माझी मला कळली."

"म्हंजे आसन ऱ्हायलं!"

"तूर्त राहिले. कॉफीने की हिच्या बोटाने, ते मात्र सांगता येत नाही."

"साराला काय लिवू?"

"लिहा, खात्री इथेही झालेली नाही." शास्त्रीबुवांनी पोथीचे बासन सोडले. "आणि डबा संपत आला आहे."