पाऊण इंच

टेलरकाकांना आपल्या नजरेचा फार अभिमान होता, आणि तो अगदीच फुकाचा होता असंही नाही. पंचवीस वर्षं दुकानातल्या आरशासमोर माणसांना चालायला लावून पँटचे दोन्ही पाय सारखे पडतात की नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याचा कोणता खांदा उतरता आहे, हे त्यांना कळायचं. बायकोचा रुसवा तेवढा त्यांना चार दिवसांनी कळतो, असं शेजारी बसून काज-बटणं करणारी बायको सगळ्यांना सांगत असे.

त्यांची मुलगी नववीत होती. एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं, म्हणून घरीदारी तिला तुडतुडी म्हणत. अडथळ्यांच्या शर्यतीत तिला गाठणारं शाळेत कुणी नव्हतं. शाळेत खेळाडूंना दुखापत होऊ नये हे पाहायला एक ट्रेनरबाई होत्या. रोज सकाळी मुलं दुसऱ्या मजल्यावर कपडे बदलत आणि बाई जिन्याखाली स्टूल टाकून बसत. काही दुखतंय का, असं विचारलं की सगळी एका सुरात नाही म्हणतात, म्हणून बाई विचारायच्या भानगडीतच पडत नसत. नुसतं उतरताना बघत. दुखरा पाय जिन्यावर आपोआप जपला जातो, हात कठड्याकडे जातो. तसं दिसलं की त्या दिवशी मैदान बंद.

तुडतुडीने ही गोष्ट घरी सांगितली, पण सोयीपुरती. जिना ऐटीत उतरता आला पाहिजे, त्यावर निवड ठरते, असं तिने बापाला पटवलं. काकांना काय, आयतंच काम मिळालं. संध्याकाळी दुकान आवरलं की बापलेक इमारतीच्या जिन्यात. ती तीन मजले उतरायची आणि हे खाली उभे राहून बघायचे. पहिल्याच फेरीला त्यांनी चूक पकडली. डाव्या पायावर भार आला की पोरगी घाई करत होती आणि खांदा झुकत होता. वाईट सवय लागलीय, काका म्हणाले, आणि ती मोडायला हात धुऊन मागे लागले. आधी चवडा, नजर समोर, दोन्ही पायांना सारखा वेळ. ते मोठ्याने एक-दोन मोजायचे आणि तुडतुडी ओठ घट्ट मिटून उतरायची. काय एकाग्रता आहे, असं वाटून त्यांचा ऊर भरून यायचा. पंधरा दिवसांत ती इतकी सफाईने उतरायला लागली की काका गिऱ्हाइकांचं माप घेता घेता तिचंच कौतुक सांगत बसायचे.

मोठी शर्यत शनिवारी होती. बुधवारी काकांनी तिच्यासाठी नवी चड्डी शिवायला घेतली. उजवी मांडी एकोणीस इंच भरली, डावी सव्वाअठरा. टेप ढिला धरला असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. पाऊण इंचाचा फरक हलेना. धावणाऱ्या पोरीचा एक पाय वाळतो कसा, असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि मान वर करून बघतात तर तुडतुडीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी सरावात डावा गुडघा अडथळ्यावर आपटला होता. खरचटलंय, असं तिने घरी सांगितलं होतं. तेव्हापासून डाव्या पायावर भार देणं ती टाळत होती, म्हणून तो बारीक झाला होता. बाईंच्या नजरेतून सुटायचं तर बापाच्या नजरेतून आधी सुटायला हवं, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

"शनिवारपर्यंत गप्प राहा, बाबा," ती म्हणाली. "नंतर मी स्वतः सांगते बाईंना. शपथ."

 काका मशीनवर जाऊन बसले, पण पाय चालेना. रोज संध्याकाळी त्या दुखऱ्या गुडघ्यावर आपण पोरीला जिने उतरायला लावले, वर तोंडाने आकडे मोजले, हे त्यांना आता उमगलं. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

सकाळी त्यांनी तिला सांगून टाकलं, मी शाळेत येतोय. तिने वाटभर अबोला धरला. एवढी चिडलेली असतानाही ती अगदी सरळ, सारखी पावलं टाकत चालत होती, आणि काकांना ते बघवत नव्हतं.

बाईंच्या खोलीत एक बाक, बर्फाची पेटी आणि बँडेजच्या गुंडाळ्या होत्या. काकांनी स्वतःला न वाचवता सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या की ही रोज माझ्यासमोरून उतरत होती आणि मी तिला पास करत होते, तेव्हा कान धरायचे तर दोघांनी धरू. मग त्यांनी गुडघा वाकवून, दाबून पाहिला. गुडघ्याला मांडीचाच आधार असतो, ती अशी दुबळी असताना उडी घेतली असती तर गुडघा कायमचा जाण्याची भीती होती. शनिवार विसरायचा, आजच डॉक्टरांना दाखवायचं आणि मग काही महिने व्यायाम. पुढच्या वर्षीचं नंतर बघू. तुडतुडी छताकडे बघत ऐकत होती.

किती दुखतं, असं बाईंनी विचारलं.

"नाही दुखत," ती म्हणाली.

काका बाकासमोर खाली बसले. "हे चालणं मी शिकवलं तुला," ते म्हणाले. "चुकलो मी. आता दारापर्यंत चालून दाखव. दुखतं तशी चाल."

ती उठली. पहिलं पाऊल सारखं पडलं, दुसरंही. तिसऱ्याला तिचा खांदा झुकला, डावा पाय कसाबसा टेकला आणि हात आधारासाठी हवेत गेला. काका तोवर तिच्याशेजारी पोहोचले होते.

"फार दुखतं रे, बाबा," ती म्हणाली आणि दोन महिन्यांचं रडू एकदम फुटलं.

"टाक भार," काका म्हणाले. "सगळा टाक माझ्यावर."